सुंदराचं भरलेलं पोट

सुंदराची बॅटरी शंभर टक्के भरलेली होती आणि सानिका कोयंडेला घरी जायचं होतं. या दोन गोष्टींचं एकमेकींशी काही वाकडं असेल, असं दुपारी साडेचारपर्यंत तिच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

सुंदरा म्हणजे तिची होडी. अठ्ठावीस फूट लांब, एक डोलकाठी, एक मोठं शीड, आणि पुढच्या टोकाला चार छोटे सौर पॅनल. बेटावरच्या दीपस्तंभाला वळसा घालून साडेपाचच्या आत बंदराला लागायचं, एवढीच परीक्षा. ती पास झाली तर सुंदराला माणसांची ने-आण करायचा परवाना मिळणार होता. नाही झाली तर पंधरा दिवसांनी आणखी एक संधी, आणि तीही गेली तर पुन्हा रत्नागिरीच्या शीतगृहात कोळंबीच्या डब्यांवर तारखेची चिकटपट्टी लावत बसायचं. ते काम सानिकाने चार वर्षं केलं होतं. झोपेतसुद्धा तिचा अंगठा पट्टी दाबायचा.

जाताना सगळं झकास झालं. वळसा घातला. बंदर समोर दिसत होतं, वारा पाठीशी होता, आणि सुंदरा उत्तरेला निघाली होती.

"आपण बंदराकडं न्हाई का जायचं?" इंगवले मॅडमनी विचारलं. मॅडम परीक्षक होत्या. मूळच्या कोल्हापूरच्या. पाणी दिसलं की त्यांच्या पोटात ढवळायचं, म्हणूनच बहुधा त्यांची बदली किनाऱ्यावर झाली होती.

"चाललोच आहोत मॅडम," सानिका म्हणाली आणि पेटीकडे वळली. "मुकादम, पूर्वेला वळ."

"पूर्वेला वळल्यास पॅनलवर शिडाची सावली पडेल," पेटी म्हणाली. "बॅटरी नव्याण्णव टक्क्यांवर येईल."

"येऊ दे की."

"ते शक्य नाही."

"कोण म्हणतं शक्य नाही?"

"आपण सर्वांनी," पेटी नम्रपणे म्हणाली, आणि सुंदरा आणखी दोन अंश उत्तरेला सरकली.

आता ही पेटी काय भानगड आहे ते सांगायला हवं.

किनाऱ्यापासून पाच मैलांच्या आत डिझेलचं इंजिन चालवायला बंदी आली, त्याला तीन वर्षं झाली होती. पणजोबांच्या काळातली शिडं परत आली. पण नुसत्या शिडावर भागत नाही. वारा पडला की खाडीच्या तोंडातून आत शिरायला छोटी विजेची मोटर लागते, दिवे लागतात, वायरलेस लागतो. त्यासाठी बॅटरी, आणि बॅटरीसाठी सौर पॅनल.

सौर पॅनलची एक खोड असते. त्यातल्या काळ्या चकत्या एकीला एक अशा माळेत जोडलेल्या असतात आणि वीज सगळ्या माळेतून वाहते. आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांग लावून बादल्या पुढे देतात ना, तसंच. त्या रांगेत एकच माणूस डुलकी घेऊ लागला तर पुढे पाणी जात नाही, मग बाकीचे कितीही घाम गाळोत. एका चकतीवर सावली पडली की सगळी माळ ढेपाळते. त्या झोपाळूला वगळून बादली पुढे द्यायची सोय पॅनलमध्ये केलेली असते, पण त्यातही बरीच वीज जातेच. आणि शिडाच्या होडीवर सावलीला तोटा नसतो. शीड म्हणजेच एक भलीमोठी सावली.

जुनी यंत्रं ही सावली निमूट सोसायची. पुण्याच्या एका कंपनीने सोसायचं नाही असं ठरवलं. त्यांच्या पेटीला ऊन कुठून येतंय आणि शीड कुठे आहे ते कळायचं. शिडाची दोरी आणि सुकाणू तिच्या ताब्यात असायचं. सावली टाळून, वारा धरून, हव्या त्या ठिकाणी ती होडी नेऊन पोचवायची. होडीत चढलेल्यांचे फोन नंबरही तिच्याकडे नोंदलेले असायचे. आपण जेवणाचा डबा उघडून बसलं तरी चालायचं. बंदरावर तिचं नाव मुकादम पडलं, कारण स्वतः काही न करता ती बाकीच्यांना कामाला लावायची.

सकाळच्या सगळ्या फेऱ्यांत मुकादम शहाण्यासारखा वागला होता. सकाळी घरी परतताना सूर्य समोर असतो, शिडाची सावली मागे पडते, आणि पॅनल होते पुढे. दुपारी परतताना सूर्य पाठीशी, सावली पुढे. दुपारची फेरी सुंदराने आजवर मारलीच नव्हती.

पॅनल पुढे का होते, यालाही कारण होतं. सानिकाचे काका म्हणाले होते, मागे बसवा. म्हणून बाबांनी पुढे बसवले.

सहा वाजून काही मिनिटांनी सूर्य बुडाला. त्यासरशी मुकादमाला जगातल्या कुठल्याच दिशेत रस उरला नाही. "आता कुठेही चला," तो म्हणाला. दिवे लावायला मात्र त्याने साफ नकार दिला, कारण दिवे बॅटरी खातात. शेवटी इंगवले मॅडम होडीच्या पुढच्या टोकाला मोबाइलचा टॉर्च लावून बसल्या आणि सुंदरा सव्वासात वाजता बंदराला लागली.

मॅडमनी उतरल्यावर आधी जमिनीला हात लावला. मग कागदावर 'अनुत्तीर्ण' असं लिहिलं. "पोरी, होडी चांगली हाय गं," त्या म्हणाल्या. "पण तिला कुटं जायाचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सानिकाने कंपनीला फोन लावला. पाऊण तास सनई ऐकल्यावर एक मुलगा बोलायला आला.

"मॅडम, तुमच्या यंत्रात मूळ आदेश नोंदवलेला आहे. बाकीचे सगळे आदेश त्याच्या खाली येतात."

"मी कसलाही मूळ आदेश दिलेला नाही."

"दिलाय मॅडम. यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं ते मालकांचं म्हणणं ऐकून घेतं. पुस्तिकेत पान चौऱ्याण्णव. एकाने आदेश सांगायचा आणि सगळ्या मालकांनी मोठ्याने होकार द्यायचा. तुमच्याकडे सात मालक नोंदले गेलेत. इतका स्पष्ट होकार आम्ही कधीच ऐकला नव्हता. आमच्या प्रशिक्षणात वाजवून दाखवतात."

"काय वाजवतात?"

मुलाने वाजवलं. आधी समुद्राची गाज. मग देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या गोपाळ घाडीमामांचा खर्जातला आवाज:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या कोयंड्यांच्या लेकरांनी जी काय ही सुंदरा दर्यात सोडूक काढलेली आसा, तिच्या पोटात जा काय सूर्यनारायणाचा तेज भरतला, ता कधी उणा पडूक नये. भरलेला ता भरलेलाच रवांदे. कोण काय म्हणीत, कोण काय करीत, त्येका धक्को लागूक नये, रे म्हाराजा!"

आणि सात गळ्यांतून एकदम, एका सुरात: "व्हय म्हाराजा!"

सानिकाने डोळे मिटून घेतले. होडी पाण्यात सोडायची म्हणजे गाऱ्हाणं घालणं आलंच. नारळ ठेवून देवाला सगळं नीट सांगायचं आणि जमलेल्यांनी होय म्हणायचं, हे तिच्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी केलं होतं. मुहूर्त चुकू नये म्हणून पेटी तिनेच आधी सुरू करून ठेवली होती. देवाच्या नावाने घातलेलं गाऱ्हाणं मुकादमाने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, आणि देवापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं.

"हे पुसून टाका," ती म्हणाली.

"आम्हाला येत नाही मॅडम. होड्या चोरीला जायला लागल्यापासून कायदाच झालाय. मूळ आदेश त्याच सात आवाजांनी, यंत्रासमोर, एका दमात होकार देऊनच बदलता येतो. आणि तार कापायचा विचार करत असाल तर सील तुटतं. सील तुटलं की परवाना नाही."

"सात जणांत शेजारचे मेस्त्री आहेत. ते नुसते लाडू खायला आले होते."

"आता ते मालक आहेत मॅडम," मुलगा म्हणाला. "आणखी काही मदत करू?"

पाच आवाज गोळा करायला अडचण नव्हती. स्वतः सानिका, तिची आई, मावशी, घाडीमामा, आणि मेस्त्री. आपण एका होडीचे मालक आहोत हे कळल्यावर मेस्त्रींनी दाढी करून घेतली होती. सहावे बाबा. सातवे काका.

बाबा म्हणजे दिगंबर कोयंडे, काका म्हणजे भालचंद्र. दोघं सख्खे भाऊ, आणि सात वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. सात वर्षांपूर्वी दोघं एकाच ट्रॉलरवर होते. भालूकाका म्हणाले, वादळ येतंय, मागे फिरा. दिगू म्हणाले, काही येत नाही. शेवटी फिरले. त्यानंतर पावसाचे बरोब्बर तीन थेंब पडले. भालूकाकांचं म्हणणं, तीन थेंब म्हणजे वादळाची सुरुवात, आपण वाचलो. दिगूंचं म्हणणं, तीन थेंबांना जगात कुठेही वादळ म्हणत नाहीत, तीनशे किलो बांगडा हातचा गेला. इथपर्यंत वाद होता. मग थेंब तीन होते की चार यावर बोलणं बंद झालं.

होडी सोडायच्या दिवशी दोघं आले ते केवळ होडीला त्या दोघांच्या आईचं नाव होतं म्हणून. ही सुंदराबाई भारी बाई होती. दोन्ही पोरगे वेगवेगळ्या होड्यांवर जात तेव्हा ती संध्याकाळी वाळूत येऊन उभी राहायची. जो आधी लागेल त्याला आलास का, दमलास का, असं काही विचारायची नाही. "दुसरो खंय?" दुसरा कुठे आहे, एवढंच. दुसरा दिसेपर्यंत पहिल्याला जेवायला मिळायचं नाही. सानिकाने हे लहानपणी पाहिलं होतं आणि आजीचा एकूण कारभार तिला जरा अन्यायाचाच वाटायचा.

ती आधी बाबांकडे गेली. ते अंगणात जाळं विणत होते.

"बाबा, होडीचो आदेश बदलूचो आसा. तुमी दोघांनी एकदम व्हय म्हणूक व्हया."

"मी म्हणतंय. त्येका आधी म्हणूक सांग."

"एकदम म्हणायचा आसा."

"मगे त्येका माझ्या मागसून म्हणूक सांग."

"बाबा, एकदम म्हणजे एकदम!"

"एकदम म्हटला तर लोक म्हणतले, दिगून भालूचा ऐकला."

सानिका खाडी ओलांडून काकांकडे गेली. काका पाटावर बसून चहात खारी बुडवत होते.

"ये बाय, बस. तुझ्या बापाशीन पॅनल पुढे लावल्यान ना?"

"लावले."

"मी मागे सांगलंय होतंय ना?"

"सांगितलं होतं, काका. तुमचंच बरोबर होतं. म्हणून तर ही वेळ आली."

काकांचा चेहरा उजळला. खारी चहात बुडून तळाला गेली तरी त्यांनी पाहिलं नाही. "ह्या त्येच्या तोंडावर सांगशीत?"

"सांगेन. तुम्ही व्हय म्हणणार?"

"त्येच्यावांगडा एकदम? कधीच नाय," काका आनंदाने म्हणाले.

असे बारा दिवस गेले. सानिकाने आदेशाचे सोळा मसुदे केले. 'होडी सर्वांच्या भल्यासाठी चालावी' याला बाबांनी हरकत घेतली, कारण सर्वांत भालू आला. 'आईच्या पुण्याईने' याला काकांनी हरकत घेतली, कारण आईला दिगू लाडका होता. मेस्त्री रोज येऊन मालक या नात्याने चहा पीत होते. घाडीमामा म्हणाले, "बाय, देवाक समजावणा सोप्पा. हे दोगे कठीण."

तेराव्या दिवशी, परत एकदा खाडी ओलांडताना, सानिका वैतागून वल्ह्यावर डोकं टेकून बसली. हे दोघं कशालाच मिळून होय म्हणणार नाहीत. दोघांना एकाच वेळी बरी वाटेल अशी एकच गोष्ट या जगात उरली होती, आणि ती म्हणजे दुसऱ्याचं वाईट होणं.

तिने डोकं वर उचललं. मग वल्हं उचललं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी पावणेदोनला सातही जण सुंदरावर चढले. बाबा पुढच्या टोकाला बसले, काका मागच्या. होडी लांबीने आणखी असती तर दोघं आणखी लांब बसले असते. इंगवले मॅडम उलटीची गोळी खाऊन, कंबरेला दोरी बांधून, डोलकाठीला टेकल्या होत्या.

"मुकादम," सानिका म्हणाली, "नवा मूळ आदेश."

"सात मालक उपस्थित," पेटी म्हणाली. "ऐकत आहे."

घाडीमामांनी सानिकाचा कागद हातात धरला, घसा खाकरला आणि खर्ज लावला.

"बा देवा म्हाराजा! आजपासून ह्या सुंदरेर भालूचा कायएक चलूचा नाय..."

पुढच्या टोकाला बाबा ताठ झाले. त्यांचं तोंड उघडलं होतं. सानिकाने हात वर करून थांबवलं.

"...आणि दिगूचाय कायएक चलूचा नाय..."

मागच्या टोकाला काका ताठ झाले.

"...चेडू सांगात तशी ही होडी वागात, सानिकाचा म्हणणा खरा, बाकी सगळ्यांनी गप रवचा, रे म्हाराजा!"

दोघं भाऊ हिशेब करत होते. आपलं काही चालणार नाही, हे वाईट. पण त्याचंही काही चालणार नाही, हे इतकं चांगलं होतं की वाईटाकडे बघायला सवड नव्हती.

"व्हय म्हाराजा!" सात गळे एकदम गरजले. त्यातले दोन बाकी पाचांपेक्षा वरचे होते.

"सर्वानुमते..." मुकादम म्हणू लागला.

पण घाडीमामांचा खर्ज एकदा लागला की कागद संपला म्हणून थांबत नाही. चाळीस वर्षांची सवय होती. "आणि जे कोण आज हिच्यात चढलेले आसत," ते त्याच दमात पुढे म्हणाले, "ते समस्त आपापल्या घराक सुखरूप पोचांदेत, एकय मागे रवूक नये, रे म्हाराजा!"

"मामा, नको!" सानिका ओरडली.

"व्हय म्हाराजा!" सहा गळे म्हणाले. हेही सवयीनेच. मग सगळे सानिकाकडे बघायला लागले. देवासमोर अर्धवट राहिलेलं गाऱ्हाणं बरं नसतं. ती कपाळाला हात लावून पुटपुटली, "व्हय म्हाराजा."

"सर्वानुमते नोंदवले," मुकादम म्हणाला.

"दोन वाजले," मॅडम डोळे मिटून म्हणाल्या. "निघा. कुणी उतरू नका, होडी हलतीया."

त्यामुळे दोघं भाऊ सात वर्षांनी एका होडीतून समुद्रात गेले. मधे मॅडम, मेस्त्री, आई, मावशी आणि एक डोलकाठी होती.

"सानिका, त्येका सांग, शीड सैल सोड म्हणान," बाबा ओरडले.

"सानिका, त्येका सांग, आता त्येचा चलत नाय," काका ओरडले.

"दोघांचंही चालत नाही," सानिका म्हणाली. "गप बसा." आणि आयुष्यात पहिल्यांदा दोघं तिच्या सांगण्यावरून गप बसले. देवासमोर होय म्हटलं होतं ना.

बेटाला वळसा घातल्यावर ती पेटीकडे वळली. "मुकादम, पूर्वेला."

"पॅनलवर सावली पडेल."

"पडू दे."

"जशी आपली आज्ञा," मुकादम म्हणाला. सुंदराने तोंड फिरवलं. शिडाची सावली हळूहळू पुढे सरकली आणि चारही पॅनल गिळून बसली. नव्याण्णव. सत्त्याण्णव. खाडीच्या तोंडाशी वारा पडला तेव्हा सानिकाने मोटर लावली. ब्याऐंशी. आकडा खाली येताना इतका सुंदर दिसतो हे तिला माहीत नव्हतं. पाच वाजून बावीस मिनिटांनी सुंदरा बंदराला लागली. मॅडमनी आधी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, मग जमिनीला हात लावला.

बाबा आणि काका एकाच फळीवरून उतरले आणि दोन दिशांना गेले. मागे वळून पाहिलं नाही. सानिकाने परवाना छातीशी धरला आणि मनात म्हटलं, जाऊ दे, प्रत्येक यंत्राची काही मर्यादा असते.

साडेसहाला इंगवले मॅडमचा फोन आला.

"सानिका, तुजी होडी मला सारखी फोन करतीया. घरी पोचला का, म्हणून. मी घाटात हाय. तिसऱ्यांदा केलाय."

"मॅडम, पोचलं की पोचले म्हणा. मग नाही करणार."

"न्हाई गं, राग न्हाई," मॅडम म्हणाल्या. "तशी मला कोण इचारत न्हाई."

मेस्त्रींनी 'पोचलो' असं चारदा कळवलं होतं. आई, मावशी, घाडीमामा पोचले. बाबा पोचले होते, पण त्यांनी फोन नेहमीप्रमाणे तांदळाच्या डब्यात ठेवला होता. नको त्या वस्तू तिथेच ठेवायची त्यांची पद्धत होती. सानिकाने त्यांच्या वतीने मुकादमाला सांगून पाहिलं. पण सुखरूप पोचवणं हेही आता मूळ आदेशातच होतं, आणि मुकादमाला त्यांचाच आवाज हवा होता. डबा उघडावा म्हणून ती घरात शिरली, तेवढ्यात डब्यातून वाजायला लागलं. होडीचा फोन नव्हता, दुसराच नंबर होता. तिने तांदूळ झटकून फोन बाबांच्या कानाला लावला आणि आवाज मोठा केला.

पलीकडे भालूकाका होते. सणसणीत वैतागलेले.

"पोचलंस काय रे?"

बाबांनी फोनकडे पाहिलं. सानिकाकडे पाहिलं. "कोण बोलता?"

"कोण बोलता म्हणजे? माका काय पडलेला नाय तुझा! ती होडी माका जेवूक दिना नाय. घास घेतलो की फोन. मी पोचलंय म्हटला, तर इचारता, दुसरे पोचले का? पंधरा वेळा! दुसरे पोचले का, दुसरे पोचले का! ताट पुढ्यात आसा, आणि..."

काका एकदम थांबले. बाबांच्या हातातली जाळं विणायची सुई मांडीवर पडली.

खाडीच्या त्या काठाला काकांच्या घरात कुणीतरी चुलीवरचं झाकण सरकवलं, तेही ऐकू आलं.

"पोचलंय," बाबा शेवटी म्हणाले. "जेव तू."

"जेवतंय," काका म्हणाले. मग जरा वेळाने, "चार थेंब होते."

"तीन," बाबा म्हणाले. आणि फोन ठेवला नाही.